फील्डबुकातली नोंद आणि पडद्यावरचा आकडा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात भूजल पातळीच्या मोजणीविषयी मी जे टिपण लिहिले होते, त्यावर सोलापूर शहरातून, सांगोला-मंगळवेढ्याकडून आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातूनही पत्रे आली. मोजणी कशी होते हे कळले. पण मोजलेल्या आकड्यांचे पुढे काय होते, ते कोण सांभाळतो आणि वीस-पंचवीस वर्षांनी ते कोणाच्या हाती कोणत्या अवस्थेत लागतात, असे बहुतेकांनी विचारले आहे. सरकारी भूवैज्ञानिक सेवेतील माझी अखेरची अकरा वर्षे याच कामात गेली, म्हणून या खेपेची सगळी जागा या एकाच विषयाला देत आहे. पत्रांतील मजकूर संक्षेपाने दिला आहे. ‘डेटा’साठी मराठीत ‘विदा’ हा शब्द रूढ होऊ लागला आहे आणि तो मला आवडतो. परंतु कार्यालयांत सगळे ‘डेटा’च म्हणतात, म्हणून येथे मीही तोच शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मी यंदाच एका सरकारी भूवैज्ञानिक कार्यालयात कनिष्ठ पदावर रुजू झाले आहे. एका पोलादी कपाटात सत्तरच्या दशकापासूनची दीडशेच्या आसपास फील्डबुके, म्हणजे जागेवर मोजणी करताना लिहिलेल्या वह्या, आहेत. त्यांतील विहिरींच्या पातळ्या, विंधन विहिरींचे थरनिहाय तपशील आणि पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दोन डेटा एंट्री ऑपरेटर आणि तीन महिन्यांची मुदत मिळाली आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : तीन महिन्यांत हे काम नीट होणार नाही, हे आपण वरिष्ठांना आजच, कारणांसह आणि लेखी कळवावे. ते पुढे ढकलले की अखेरच्या पंधरवड्यात घाई होते आणि त्या घाईत शिरलेल्या चुका पुढची माणसे खरी माहिती म्हणून वापरतात.

सुरुवात टंकनाने करू नये. आधी प्रत्येक फील्डबुक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, कोरी पानेसुद्धा न वगळता, स्कॅन करून घ्यावे आणि प्रत्येक प्रतिमेला फील्डबुकाचा क्रमांक व पान क्रमांक द्यावा. ऑपरेटर रकान्यात मावते तेवढेच टंकतो, त्यात त्याचा दोष नाही. पण क्षेत्रावर गेलेल्या माणसाने जे महत्त्वाचे लिहिलेले असते, ते पुष्कळदा रकान्याच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने लिहिलेले असते.

याचे एक उदाहरण माझ्या अनुभवातले आहे. मोहोळ तालुक्यातील एका निरीक्षण विहिरीच्या आलेखात एका वर्षी ऑक्टोबरची पातळी अचानक ७० सेंटिमीटरने खाली गेलेली दिसत होती आणि पुढे दरवर्षी ती तेवढीच खाली राहिली होती. त्या वर्षी पाऊस बरा झाला होता आणि आसपासच्या विहिरींत असे काही दिसत नव्हते. मी तेव्हा ज्या कार्यालयात होतो, तेथील मंडळींनी नव्या बोअरवेलांमुळे उपसा वाढला असे कारण धरून अहवाल लिहिलाही होता. मूळ फील्डबुक काढून पाहिले, तर त्या ऑक्टोबरच्या पानावर आडव्या रेघेच्या वर बारीक अक्षरांत लिहिले होते : ‘कठडा नवीन बांधला, उंची १.३०.’ आधीचा कठडा ०.६० मीटर उंच होता. टेप कठड्याच्या वरच्या कडेवरून सोडतात आणि आलेल्या वाचनातून कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली काढतात, हे आपणास ठाऊक आहेच. संगणकातल्या सूत्रात मात्र ०.६० तसेच राहिले होते. विहिरीतले पाणी होते तेथेच होते, कागदावर तेवढे ते खाली गेले.

सत्तर सेंटिमीटर म्हणजे किरकोळ बाब, असे कोणी म्हणेल, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. पावसाळ्याआधीची आणि नंतरची पातळी यांतील फरक, पाणलोटाचे क्षेत्रफळ आणि खडकाचा विशिष्ट जलदेयांक (पाण्याने भरलेल्या खडकाच्या आकारमानाच्या किती टक्के पाणी त्यातून निघते ते प्रमाण) यांचा गुणाकार केला की पावसाळ्यात भूजलात किती भर पडली याचा अंदाज निघतो. आपल्याकडच्या बेसाल्टसाठी, म्हणजे काळ्या पाषाणासाठी, हा देयांक साधारण एक ते तीन टक्क्यांच्या दरम्यान धरतात. आपण दोन टक्के धरू. पाणलोट १०० चौरस किलोमीटरचा असेल आणि अंदाज त्या एकाच विहिरीवर बेतलेला असेल, तर मे आणि ऑक्टोबर यांच्यामध्ये कठडा ७० सेंटिमीटरने वाढल्याची नोंद हरवल्यामुळे १४ लाख घनमीटर, म्हणजे १४० कोटी लिटर पाणी हिशेबातून नाहीसे होते. वर्षाला उपलब्ध होणाऱ्या भूजलाशी उपशाचे प्रमाण ७० टक्क्यांच्या आत असेल तर क्षेत्र सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित आणि त्यापुढे अतिशोषित अशी वर्गवारी होते, आणि विहिरींच्या योजना, कर्जे व परवानग्या तिच्यावर अवलंबून असतात. समासातली ती एक ओळ किती घरांपर्यंत पोहोचते, हे आपल्या ऑपरेटरांना पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. मी सांगत असे आणि त्यानंतर ते स्वतःहून अशा ओळी दाखवायला आणत.

म्हणून प्रत्येक वाचनाबरोबर मोजणीचा बिंदू कोणता, त्याची जमिनीपासूनची उंची किती, ती कोणत्या तारखेपासून लागू, मोजणी टेपने की ध्वनिसूचक यंत्राने, मोजणाऱ्याचे पदनाम आणि त्या वेळी शेजारी मोटर चालू होती का, एवढे तरी रकाने असलेच पाहिजेत. फील्डबुकात यांतले काही नसेल तर तो रकाना रिकामा ठेवावा, अंदाजाने भरू नये.

कोरड्या विहिरींविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न फार येतो. मे महिन्यात विहीर कोरडी मिळाली की फील्डबुकात ‘कोरडी’ लिहिलेले असते. संगणकाच्या आकड्यांच्या रकान्यात हा शब्द बसत नाही, म्हणून कोणी शून्य टाकतो आणि पाणी जमिनीच्या पातळीला आले असा त्याचा अर्थ होतो. कोणी जागा रिकामी सोडतो आणि त्या दिवशी मोजणीच झाली नाही असा अर्थ होतो. दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती दिसत नाही. दुष्काळी वर्षात सर्वांत वाईट अवस्थेतल्या विहिरी सरासरीतून गळून पडतात, उरलेल्या बऱ्या विहिरींची सरासरी निघते आणि दुष्काळ कागदावर सौम्य होतो. यावर उपाय सोपा आहे. एक रकाना स्थितीचा ठेवावा (मोजली, कोरडी, जाता आले नाही, विहीर बुजली) आणि कोरड्या विहिरीसमोर तिचा तळ किती मीटरवर आहे ते लिहावे. तळ १२.४ मीटरवर असेल तर पाणी १२.४ मीटरपेक्षा खाली आहे एवढे आपल्याला निश्चित माहीत असते आणि ही माहिती टाकून देण्याजोगी नसते. तळ गाळाने वर येतो, म्हणून तोही मोजल्याच्या तारखेसह लिहावा.

तारखांची गंमत वाटेल, पण तिने मला फार छळले आहे. मोजणीचे मुख्य महिने मे आणि ऑक्टोबर, म्हणजे पाचवा आणि दहावा. ‘०५/१०’ ही पाच ऑक्टोबर की दहा मे, हे संगणकाच्या मांडणीवर ठरते आणि एक्सेल विचारल्याशिवाय ते ठरवून टाकते. पावसाळ्यापूर्वीचे वाचन पावसाळ्यानंतरचे होते आणि दोन्ही तारखा खऱ्या वाटत असल्याने तपासणीतही सापडत नाही. वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, २०२४-१०-०५ असे, टंकावे आणि तो रकाना आधीच मजकूर स्वरूपाचा करून ठेवावा.

गावाच्या नावावर विहिरीची ओळख ठरवू नये. वडगाव किती आहेत ते आपण जाणताच. जुन्या इंग्रजी कागदांत सोलापूरचे स्पेलिंग ‘शोलापूर’ असे वाचावे लागते. उस्मानाबादचे २०२३ मध्ये धाराशिव झाले, त्यामुळे जुन्या नावाने शोध घेणाऱ्याला नवी माहिती सापडत नाही आणि नव्या नावाने शोधणाऱ्याला जुनी. जनगणनेचा गाव संकेतांक लिहावा, मूळ फील्डबुकातले नाव जसेच्या तसे वेगळ्या रकान्यात ठेवावे आणि विहिरीला एक साधा, निरर्थक अनुक्रमांक द्यावा. निरर्थक म्हणण्याचे कारण असे की क्रमांकात तालुका किंवा अक्षांश गुंफले, तर पुढे तालुका बदलला किंवा अक्षांश दुरुस्त झाला की क्रमांकच खोटा ठरतो.

आणि सर्वांत काटेकोरपणे पाळण्याचा नियम असा की मूळ वाचनाच्या रकान्याला कोणीही, आपणसुद्धा, हात लावू नये. वाचन उघड चुकीचे दिसले तरी ते तेथेच राहू द्यावे. शेजारच्या रकान्यात दुरुस्त मूल्य, त्यापुढे दुरुस्तीचे कारण, दुरुस्त करणाऱ्याचे पदनाम आणि तारीख लिहावी. आज आपणास जे चुकीचे वाटते, ते दहा वर्षांनी एखाद्याला कळीचे वाटू शकते.

मुदतीविषयी माझे मत असे आहे : तीन महिन्यांत दीडशेही पुस्तके स्कॅन करून सूची तयार करावी आणि सर्वांत लांब सलग नोंद असलेल्या वीस-पंचवीस विहिरीच पूर्ण टंकाव्यात, त्यादेखील दोन्ही ऑपरेटरांकडून स्वतंत्रपणे, म्हणजे दोन्ही प्रती ताडून पाहता येतील. ज्यांनी ती फील्डबुके लिहिली त्यांपैकी कोणी सोलापुरात निवृत्त होऊन राहत असतील, तर त्यांना एक दिवस चहाला बोलवावे. ‘का. पा.’ म्हणजे काळा पाषाण हे आपण ओळखाल. पण एखाद्या भूवैज्ञानिकाने स्वतःपुरती केलेली खूण फक्त तोच उलगडू शकतो.

प्रश्न : मी भूविज्ञानाचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. एकाच गावच्या एकाच हातपंपाच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण एका अहवालात लिटरला ५२ मिलिग्रॅम, तर दुसऱ्या अहवालात ११.७ मिलिग्रॅम दिले आहे. दोन्ही नमुने एकाच आठवड्यातले आहेत. खरा अहवाल कोणता मानावा? (एक विद्यार्थी, सोलापूर)

उत्तर : बहुधा दोन्ही खरे आहेत. ५२ ला ४.४३ ने भागून पाहा, उत्तर ११.७ येते. पहिल्या प्रयोगशाळेने अख्ख्या नायट्रेटचे वजन दिले आहे आणि दुसरीने त्यातील फक्त नायट्रोजनचे; पहिले दुसऱ्याच्या ४.४३ पट असते. दोन्ही पद्धती मान्य आहेत. अडचण एवढीच की कोणीतरी दोन्ही तक्ते एकत्र करताना रकान्याच्या मथळ्यावर नुसते ‘नायट्रेट’ लिहिले.

याचा परिणाम माणसांवर होतो, म्हणून मी याकडे हिशेबाची चूक म्हणून पाहू शकत नाही. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ११.७ हा आकडा त्या मर्यादेशेजारी ठेवला की पाणी उत्तम वाटते. प्रत्यक्षात नायट्रोजनच्या हिशेबाने ती मर्यादा दहाच्या आसपास येते आणि हे पाणी तिच्यावर गेलेले आहे. जास्त नायट्रेट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करते. ज्या घरात बाटलीच्या दुधासाठी तो हातपंप वापरतात, त्या घराला एकक न लिहिण्याची किंमत मोजावी लागते.

आपण तक्ते जुळवताना प्रत्येक नमुन्याचे आयन संतुलन, म्हणजे विरघळलेल्या क्षारांतील धन आणि ऋण विद्युतभारांचा ताळा, जरूर काढा. धन आणि ऋण आयनांच्या मिलिइक्विव्हॅलंट या विद्युतभारावर आधारलेल्या एककातील बेरजांत पाच टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर नमुना बाजूला ठेवून कारण शोधा. आणि ‘आढळले नाही’ अशी नोंद असेल तेथे शून्य टाकू नका. त्या प्रयोगशाळेच्या पद्धतीला किती प्रमाणाखालचे मोजता येत नाही तो आकडा विचारून घ्या आणि ‘इतक्यापेक्षा कमी’ असे लिहा.

प्रश्न : आमच्या शेतातील बोअर सरकारी खात्याने पूर्वी घेतलेले आहे. हल्ली कार्यालयात संगणकावर नकाशा पाहिला, तर ते ओढ्याच्या पलीकडे, भावकीच्या रानात दाखवले आहे. यावरून पुढे हक्काचा वाद उभा राहील का? (एक शेतकरी, सांगोला तालुका)

उत्तर : काका, हक्क सातबाऱ्यावर ठरतो, या नकाशावर ठरत नाही, त्यामुळे आपण निर्धास्त असावे. परंतु चूक दुरुस्त झाली पाहिजे आणि तिचे कारणही समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी विहिरीची जागा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या छापील नकाशा-पत्रकावर पट्टी लावून काढत. ही जुनी पत्रके एव्हरेस्ट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८३० सालच्या पृथ्वीगोलाच्या मापावर आखलेली होती. मोबाइलमधील जीपीएस आणि आजचे संगणकीय नकाशे दुसऱ्या, जागतिक मापावर चालतात. दोन मापांतले अक्षांश-रेखांश रूपांतर न करता एकमेकांवर ठेवले, तर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो, तेवढ्यात ओढा ओलांडला जातो. एखाद्या गावातील सगळ्याच जुन्या विहिरी एकाच दिशेला सारख्याच सरकलेल्या दिसत असतील, तर हेच कारण समजावे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठीची पत्रके जागतिक मापावर निघू लागली, त्यामुळे एकाच कार्यालयात दोन्ही प्रकारची पत्रके असतात.

फरक याहून मोठा असेल तर दुसरी एक चूक तपासायला सांगावे. १७ अंश ४० मिनिटे हे कोणी १७.४० असे टंकतो. मिनिटे साठ असतात, म्हणून ते १७.६७ व्हायला हवे. या एका टिंबामुळे सोलापुरातली विहीर जवळजवळ तीस किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडते. आपण बोअरपाशी उभे राहून मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपून अर्जासोबत द्यावेत; गट क्रमांकही लिहावा.

प्रश्न : मी एका कार्यालयातून अभिलेखापाल म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे सहा गठ्ठे पद्धतीने, म्हणजे कार्यालयातले कागद सहा गठ्ठ्यांत लावण्याच्या रीतीने, वर्गवारी करताना जुनी फील्डबुके कमी मुदतीच्या गठ्ठ्यात घातली गेली आणि मुदत संपल्यावर रद्दीत गेली. मागच्या शेडमधील दगडांच्या पेट्याही हलवून टाकल्या. नियमाप्रमाणे झाले, तरी मनाला लागून राहिले आहे. (एक निवृत्त वाचक, पंढरपूर)

उत्तर : आपल्या मनाला लागले, हे मी समजू शकतो. कागद किती काळ जपायचा हे ठरवणारी आपली अ, ब, क, ड ही वर्गवारी प्रशासकीय कागदांसाठी बनलेली आहे आणि त्यांच्यासाठी ती योग्यच आहे. रजेचा अर्ज पाच वर्षांनी निरुपयोगी होतो. १९७२ च्या दुष्काळातील मे महिन्याची पाणीपातळी जितकी जुनी होते, तितकी तिची किंमत वाढते, कारण ती पुन्हा मोजता येत नाही. माझे ठाम मत असे आहे की फील्डबुके, विंधनाचे थरतपशील, पंपिंग चाचणीचे मूळ तक्ते आणि प्रयोगशाळेच्या वह्या ‘अ’ वर्गात, म्हणजे कायम जतनाच्या वर्गात घातल्या पाहिजेत आणि हा निर्णय अभिलेखापालावर न सोडता भूवैज्ञानिकाच्या सहीने झाला पाहिजे. जे आज सेवेत आहेत, त्यांनी वर्गवारीची यादी एकदा उघडून पाहावी.

दगडांच्या पेट्यांविषयी. विंधनातून निघालेला खडकाचा दंडगोल, ज्याला आम्ही कोअर म्हणतो, तो पेटीत खणांत ओळीने ठेवलेला असतो. खणाच्या कडेला रंगाने खोली लिहिलेली असते. तो रंग पुसला किंवा दोन खण उलटे लागले, की तो पुन्हा नुसता दगड होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे ६१७ मीटर खोल विंधन घेतले गेले. सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट भेदून ते खालच्या प्राचीन पायाभूत खडकात गेले आणि आपल्या या भागात काळ्या पाषाणाखाली काय आहे, हे हातात धरून पाहता आले. त्या कोअरवर पुढे अनेक वर्षे निरनिराळ्या शास्त्रज्ञांनी काम केले, ते पेट्या जागेवर राहिल्या म्हणून. असे विंधन पुन्हा घ्यायचे तर किती पैसा आणि वेळ लागेल, याचा विचार शेड रिकामी करताना व्हायला हवा. अमेरिकेत २००५ च्या एका कायद्याने भूवैज्ञानिक नमुने आणि नोंदी जपण्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला, कारण तेथील राज्यांच्या गोदामांतही हीच अवस्था होती. आपल्याकडे कराड येथे कोयना परिसरातील खोल विंधनाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा उभी आहे. जिल्ह्याच्या पातळीवर निदान एक कोरडी, कुलूपबंद खोली आणि पेट्यांची सूची एवढे तरी अवघड नाही.

आपल्याजवळ त्या रद्दीच्या याद्यांच्या प्रती असतील, तर त्या फाडू नका. काय होते आणि कोणत्या वर्षी गेले, हेही पुढच्या माणसाला उपयोगी पडते.

प्रश्न : २००३ च्या सुमारास टंकलेल्या आमच्या मराठी फाइली उघडल्या की विचित्र अक्षरे दिसतात. पेन ड्राइव्हवर एक प्रत आहे, पण तीही तशीच. (एक वाचक, बार्शी)

उत्तर : फाइल बिघडलेली नाही. ती युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट बसवला की मजकूर दिसेल आणि रूपांतर करण्याची साधनेही मिळतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा, आकड्यांचे तक्ते साध्या स्वल्पविरामी मजकूर फाइलीत ठेवा आणि मूळ फाइल पुसू नका. पेन ड्राइव्ह ही एकमेव प्रत असू नये. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक गावाबाहेर, असा नियम आहे. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या हार्ड डिस्कची काय अवस्था होते, ते निराळे सांगायला नको.

प्रश्न : आमच्या कार्यालयात सामान्य माणसाने आकडे मागितले की टाळाटाळ होते. लोक चुकीचा अर्थ काढतील, असे सांगतात. हे योग्य आहे का? (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : भीती खोटी नाही, पण आकडे दडवल्याने ती दूर होत नाही. सेवेत असताना सुरुवातीला मीही असेच म्हणत असे. मत बदलले ते एका शेतकऱ्यामुळे, ज्याने आमच्या तक्त्यातील आपल्या विहिरीची खोली पाहून ‘ही कधीच एवढी खोल नव्हती’ असे सांगितले आणि तो बरोबर होता. दोन विहिरींचे क्रमांक अदलाबदल झाले होते. कार्यालयातील तपासणीत ती चूक नऊ वर्षे कोणाला दिसली नव्हती.

धोरणही उघडेपणाच्या बाजूनेच आहे. केंद्र सरकारचे डेटा देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण २०१२ चे आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभाग ‘भूकोष’ या संकेतस्थळावर आपले नकाशे उपलब्ध करून देतो आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही सुरू झाले. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने लँडसॅट उपग्रहांची छायाचित्रे २००८ मध्ये मोफत केली, तेव्हापासून जगभरातल्या विद्यार्थ्यांनी, अगदी आपल्याकडच्या महाविद्यालयांतल्या मुलांनीही, उजनी धरणाच्या फुगवट्यापासून पीकक्षेत्रापर्यंत काय काय मोजले आहे.

दोन अटी मात्र मी घालीन. विहीरमालकाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक बाहेर जाणाऱ्या तक्त्यात नसावा. आणि तक्त्याबरोबर एक पान जोडलेले असावे, ज्यात प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, मोजणीची पद्धत आणि माहीत असलेल्या उणिवा साध्या मराठीत लिहिलेल्या असतील. चुकीचा अर्थ निघतो तो बहुधा हे पान नसल्यामुळे. ते लिहायला एक दिवस लागतो, आणि ज्याने मोजले त्यानेच लिहिले तर अर्धा दिवस पुरतो.

प्रश्न : आमच्या गावात भूजल खात्याची निरीक्षण विहीर आहे. ग्रामपंचायतीने तिचा पडका कठडा काढून नवा बांधायचे ठरवले आहे. खात्याला कळवावे लागेल का? (एक सरपंच, मंगळवेढा तालुका)

उत्तर : आपण विचारलेत याचा मला फार आनंद झाला. होय, कळवावे, आणि काम सुरू होण्याआधी कळवावे. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या सोलापूरच्या कार्यालयाला पत्र द्यावे आणि पोहोच घ्यावी. जुन्या कठड्यावर जेथून टेप सोडतात तेथे पुष्कळदा रंगाची खूण असते, तिचा फोटो घ्यावा. कठडा पाडण्याच्या दिवशी सकाळी, मोटर बंद असताना, त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे आणि खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवावे. नवा कठडा झाला की नव्या कडेपासून जमिनीपर्यंत पुन्हा मोजावे. हे तिन्ही आकडे तारखेसह पत्रात लिहावेत, एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी आणि गवंड्याला एवढे सांगावे की नव्या कठड्याच्या एका बाजूला हाताएवढी सपाट जागा सोडावी, म्हणजे पुढच्या मे महिन्यात येणाऱ्या माणसाला टेप सरळ सोडता येईल.